मिरज जंक्शनवर गाडी बदलायला चार तास आहेत. मीरासाहेबांच्या दर्ग्याचा गाण्याशी काय संबंध? जाऊन यावं का?

जरूर जा. चार तास फलाटावर डुलक्या काढण्यात घालवू नका. माझं आजोळ मिरजेचं. आम्ही लहान असताना या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज, तिन्ही रूळ बघायला मिळायचे. २०१६ साली लातूरला पाणी घेऊन गेलेली ती रेल्वेही इथूनच सुटली.

बाहेर पडून रिक्षावाल्याला नुसतं ‘दर्गा’ म्हणा, पुरे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा घराण्याचे हे थोर गायक, खाँसाहेब, मिरजेत स्थायिक झाले. प्लेगने आजारी असताना ते दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. खरं-खोटं ज्याचं त्याने ठरवावं, पण मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा होती एवढं नक्की.

त्यांचा शेवट मात्र रेल्वेतलाच. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. रात्री तिथेच फलाटावर दरबारी कानडा रागात प्रार्थना गाऊन त्यांनी प्राण सोडला. पार्थिव मिरजेला आणलं. मी कबरीपाशी उभा राहिलो की दर्ग्याआधी मला तो फलाटच आठवतो.

उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गवई येऊन गातात, त्याला ‘हजेरी लावणं’ म्हणतात. बिदागीचा प्रश्नच नाही. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर आणि भीमसेन जोशीही इथे गायले आहेत. आणि याच उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे बाहेरगावच्यांना सहसा ठाऊक नसतं. उरूस हिजरी तारखेने असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे तुमच्या तारखांत बसतो का ते आधी विचारून घ्या.

वेळ उरला तर जवळच्या सतारमेकर गल्लीत डोकवा. इथले कारागीर मूळचे शस्त्रं घडवणारे. संस्थानी काळात ते काम सुटलं आणि हात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानदाराला ‘जवारी’, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर, काढताना बघायचंय म्हणा, तो खूश होऊन दाखवेल. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरते, तार छेडली जाते, पुन्हा कानस. सूर खुलेपर्यंत हेच चालू. मी एकदा तिथे इतका रमलो की गाडी चुकली, तेव्हा मोबाइलवर गजर लावूनच बसा.