चिखलातले सहा दिवस आणि वीस लाखांची थार

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. मी ३७, पत्नी ३५, मुलगी सहा वर्षांची, आई आमच्याकडेच असते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६० हजार. घराचा हप्ता ४६ हजार, एसआयपी २५ हजार, घरखर्च ५५ हजार. बँकेत ९ लाखांची ठेव आहे. दोन वर्षांपासून मित्रांच्या गाड्यांतून ऑफ-रोडिंगला (रस्ता सोडून चिखल-दगडांच्या वाटांवर) जातोय, वर्षाला साधारण सहा दिवस होतात. आता स्वतःची गाडी हवी आहे. महिंद्राची थार डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी), वरचं मॉडेल, ऑन-रोड सुमारे २० लाख. ठेवीतले ८ लाख भरून बाकी १२ लाखांचं कर्ज काढावं असं डोक्यात आहे, सात वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. जुनी हॅचबॅक विकून अडीच लाख येतील, त्यात टायर, विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) आणि बंपर करून घेईन. सोसायटीत पार्किंग एकच आहे आणि माझं ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर आहे. मित्र म्हणतो फोर्सची गुरखा घे, पत्नीच्या मते मारुतीची जिम्नी पुरेशी आहे. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्नीचं बरोबर आहे, आणि त्यातही जिम्नी नवी नको, दोन-तीन वर्षं वापरलेली घ्या. तुम्ही थारचं नाव घेताना वाटेचा विचार केलाय, त्यामुळे मीही आधी वाटेबद्दल बोलते. पैशांचं उत्तर तिथूनच निघतं.

मी स्वतः गेली आठ वर्षं भावाच्या जुन्या जिप्सीतून पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला जाते. मागच्या जुलैत एका ओढ्याकडे उतरणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर आमच्याबरोबर तुमच्या यादीतल्या तिन्ही गाड्या होत्या. लाल चिकण माती, वर वाहतं पाणी आणि मध्ये तिरके खड्डे. अशा खड्ड्यांत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हवेत लटकतं. साध्या डिफरन्शियलची (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरची) गाडी इथे अडकते, कारण सगळी ताकद हवेतल्या चाकाकडे जाते. ते गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही.

गुरखावाल्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं बरोबरच फिरवणारी सोय) लावले आणि चालण्याच्या वेगाने वर निघून गेला. तुमचा मित्र सांगतो ते खरं आहे, त्या जागी तिघींत गुरखाच सरस. जिम्नीकडे लॉक नाही. तिच्यात फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि ताकद दुसऱ्या बाजूला वळते. पण तिचे दोन्ही एक्सल (डावं-उजवं चाक जोडणारे दांडे) अखंड आहेत, त्यामुळे एक चाक वर उचललं की दुसरं खाली दाबलं जातं आणि चाकं जमीन लवकर सोडत नाहीत. शिवाय वजन जेमतेम १२०० किलो, थारपेक्षा काही क्विंटल कमी. १०५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन चढावर धापा टाकतं, लो गिअरमध्ये (कमी वेग, जास्त ताकद) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वर ठेवावे लागतात, पण चिखलात ती रुतायच्या आत पुढे सरकलेली असते. दोन प्रयत्नांत ती वर आली.

अडकली ती थार. गाडीत काही दोष नव्हता, ती कंपनीतून आलेल्या रस्त्याच्या टायरवर होती. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या आणि चाकं पुरणपोळी लाटल्यासारखी गुळगुळीत फिरायला लागली. चालवणारा मुलगा ॲक्सिलरेटर दाबत राहिला तसा क्लचचा करपट वास यायला लागला. माझ्या भावाने त्याला थांबवलं आणि चारही टायरची हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणली. टायर पसरले, जमिनीला जास्त चिकटले, आणि तीच थार लो गिअरमध्ये पहिल्या फटक्यात वर आली. हवा सोडायला एक पैसाही लागला नव्हता.

थारची ताकद मी नाकारत नाही. २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) आहे, डिझेलचा कमी वेगातला टॉर्क (ओढायची ताकद) आहे, आणि लांब दगडी चढावर तो टॉर्क फार आधार देतो. मात्र मागचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल थारच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये येत नाही. बऱ्याच गाड्यांत जिम्नीसारखीच ब्रेकवर चालणारी व्यवस्था असते. वरचं मॉडेल म्हणजे सगळं आलं असं धरून लोक बुकिंग करतात आणि टचस्क्रीन, अलॉय यांचे पैसे भरतात. कुठलीही फोर बाय फोर घेताना मागच्या एक्सलमध्ये नेमकं काय आहे ते डीलरकडून लिहून घ्या.

सह्याद्रीतल्या ज्या वाटांवर तुम्ही वर्षातून सहा दिवस जाणार आहात, तिथे थार जाते त्या दहापैकी आठ-नऊ जागी जिम्नीही जाते. उरलेल्या एक-दोन जागी कोणतीही गाडी असो, मागे पट्टा घेऊन दुसरी गाडी उभी लागतेच. एकट्याने जायची ती वाट नाही.

आता तुमचा हिशोब. घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला १ लाख १ हजार लागतात. सहा महिन्यांचे ६ लाख झाले. तुमच्या ९ लाखांच्या ठेवीतले हे ६ लाख गाडीचे नाहीत. नोकरी गेली, आईंचं ऑपरेशन निघालं, तर घर चालवायचे आहेत. तुमच्या बेतात ठेव १ लाखावर येते. दोघांपैकी एकाचा पगार दोन महिने थांबला तर तुम्हाला एसआयपी मोडावी लागेल किंवा क्रेडिट कार्डवर जावं लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी या एका गोष्टीची वाटते. बाकीचं सगळं मागेपुढे करता येईल.

१२ लाख, ९ टक्के, सात वर्षं म्हणजे हप्ता साधारण १९ हजार ३०० आणि एकूण व्याज सव्वाचार लाखांच्या जवळपास. हेच कर्ज पाच वर्षांत फेडलंत तर हप्ता २४ हजार ९०० होतो आणि व्याज तीन लाखांच्या आत राहतं. तुमच्याकडे महिन्याला ३४ हजार उरतात, म्हणून बँकेने सात वर्षं सुचवली असावीत. ती संपतील तेव्हा तुमची मुलगी तेरा वर्षांची असेल आणि शाळेच्या फीबरोबर क्लासची फीही सुरू झालेली असेल.

डिझेलबद्दल. सहा किलोमीटरच्या ऑफिसला बीएस-सिक्स डिझेल नेऊ नका. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जळून जायला इंजिन बराच वेळ तापलेलं आणि एका वेगात चालत राहावं लागतं. कर्वे रोडच्या सिग्नलांवर ते होत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, मग वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. पार्किंग एकच असल्याने हीच गाडी रोज बाहेर निघणार, आणि गुरखाही डिझेलच, त्यामुळे तिचा प्रश्नही इथेच संपतो. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा मोटार वाहन कर पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे. ऑन-रोड किमतीतला हा कर आणि विमा गाडी विकताना परत मिळत नाही.

पत्रात आईंचा उल्लेख एकदाच आलाय. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून, पाय वर उचलून आत शिरावं लागतं. आईंना शोरूममध्ये नेऊन एकदा मागे बसवून बघा. पाच दरवाज्यांची थार रॉक्स आहे, पण तिची फोर बाय फोर घ्यायची तर तुमचं बजेट आणखी वर जातं. जिम्नी चार जणांची गाडी आहे, मागे दरवाजे आहेत आणि तुम्ही चौघंच आहात. सामानाला जागा कमी पडेल, हे मात्र मान्य करूनच घ्या.

पाच दरवाज्यांची जिम्नी जून २०२३ मध्ये १२ लाख ७४ हजारांपासून आली. खप अपेक्षेइतका झाला नाही म्हणून त्याच वर्षाच्या शेवटी मोठ्या सवलती सुरू झाल्या. सवलतीआधी नवी घेतलेल्यांना त्याचा चटका बसला, वापरलेली घेणाऱ्याचा त्यात फायदा आहे. २०२३-२४ ची, कमी चाललेली गाडी बघा आणि कागदपत्रांसकट १० लाखांच्या वर जाऊ नका. पैसे असे उभे करा: ठेवीतले ३ लाख, हॅचबॅकचे अडीच लाख आणि साडेचार लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी. वापरलेल्या गाडीला दर जास्त लागतो, १२ टक्के धरला तरी हप्ता १५ हजारांच्या आत बसतो आणि एकूण व्याज सुमारे ८८ हजार होतं. मुलगी नऊ वर्षांची होईल तेव्हा कर्ज फिटलेलं असेल आणि ६ लाखांना हातही लागलेला नसेल.

दोन्ही बेतांत किमतीचा फरक १० लाखांचा आणि व्याजाचा सव्वातीन लाखांपेक्षा थोडा जास्त. थारला रिसेल चांगली आहे, त्यापोटी मी ४ लाख वजा करते. तरी सव्वानऊ लाख उरतात. सात वर्षांत तुमचे ऑफ-रोडिंगचे दिवस होतात ४२. म्हणजे जिम्नीऐवजी थार असण्याचे तुम्ही चिखलातल्या प्रत्येक दिवसाला २२ हजार रुपये मोजणार. यात विंच आणि बंपर धरलेले नाहीत.

विंचची तुम्हाला अजून गरज नाही. पहिल्या वर्षी चार चांगले ऑल-टेरेन (रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारे) टायर, हवा भरायचा छोटा कंप्रेसर, रिकव्हरी पट्टा (अडकलेली गाडी ओढायचा) आणि तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), इतकंच घ्या. लोखंडी बंपर बसवू नका. त्यावर आरटीओत दंड होतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं.

गाडी बघायला जाताना मेकॅनिक बरोबर न्या आणि खालून दाखवायला सांगा. डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ती गाडी सोडा. चॅसीवर खाऱ्या पाण्याचा गंज असेल तर कोणीतरी ती किनाऱ्यावर पळवली आहे, तीही सोडा. (गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं हा गुन्हाच आहे, हे तुम्हीही लक्षात ठेवा.) मोकळ्या मातीच्या जागी फोर-एल (फोर बाय फोरचा लो गिअर) टाकून थोडी चालवा. मग ८०च्या वेगाने न्या आणि स्टिअरिंग थरथरतं का ते बघा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या.

विम्यात इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं जादा संरक्षण) नक्की घ्या. माझ्या एका क्लायंटची गाडी ओढ्यात बंद पडली. घाबरून त्याने पाण्यातच पुन्हा स्टार्टर मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, म्हणून दावा नामंजूर झाला आणि दीड लाखांवर खर्च त्याने खिशातून केला. इंजिन प्रोटेक्ट असलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, पट्टा लावून ओढून काढा. स्पर्धांमधलं नुकसानही पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे एखाद्या ऑफ-रोड इव्हेंटला नाव द्यायच्या आधी विमा कंपनीला ईमेलवर विचारून ठेवा.

हप्ता आणि पेट्रोल सुरू झाल्यावर महिना अखेरीला ओढाताण वाटली तर एसआयपीला हात लावू नका, मला लिहा. आधी घरखर्चाच्या ५५ हजारांत काय आहे ते आपण बघू. टेस्ट ड्राइव्हला तुमच्या पत्नीलाच चालवू द्या, आई आणि मुलगी मागे बसलेल्या असताना.