मे महिन्यातच फोटोत ठिपके काहून येतात?

प्रश्न: नमस्कार सर. मी आर्णी तालुक्यातल्या खेड्यात राहतो, बारावी सायन्सला आहे. डिसेंबरात तुरीच्या जागलीला गेलो तेव्हा मोबाइलवर 30 सेकंदांचा मृग नक्षत्राचा फोटो काढला, एकदम साफ आला. आता मे महिन्यात अंगणात बाजेवर झोपल्या झोपल्या वृश्चिकाचा काढला तर फोटोभर लाल-निळे ठिपके, तारा कोणता अन् ठिपका कोणता समजतच नाही. फोन तोच, सेकंदं तेवढेच. मोबाइल बिघडला का? अन् मोठ्या दुर्बिणीत असं होत नाही का?

उत्तर: मोबाइल बिघडला नाही रे बाबा. फोन तोच, सेकंदं तेवढेच, बदलला तो फक्त हंगाम, म्हणजे उत्तर तुझ्याच पत्रात आहे. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनवर लाखो बारीक घरं असतात, प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन घरात पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि फोन शेवटी हे इलेक्ट्रॉन मोजतो. पण इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनंही सुटतो, आणि मोजताना हा ताऱ्यानं सोडला की उन्हाळ्यानं हे कळायला काही मार्ग नाही. याला डार्क करंट म्हणतात. दर 6-7 अंशांना तो साधारण दुप्पट होतो, म्हणजे डिसेंबरच्या पहाटेचे 10 अंश आणि मेच्या रात्रीचे 35, यात बारा-पंधरा पट फरक पडला. त्यात काही घरं जन्मतःच गळकी असतात, म्हणजे उष्णतेनं इतरांपेक्षा जास्तच इलेक्ट्रॉन सोडतात, तुझे ठिपके ते.

मोठ्या दुर्बिणीतही हेच होतं, तिथं तर सगळी लढाई याचीच. पूर्वी फोटोच्या काचा वापरायचे, शंभर फोटॉन आले तर एखाद-दोनच नोंदले जायचे. 1969 साली बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी, म्हणजे काचेच्या जागी बसणारी प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती, काढला, 2009 साली त्यासाठी नोबेल मिळालं, आजचा चांगला सीसीडी शंभरातले नव्वद पकडतो. पकडणं जमलं, मग स्वतःचीच गडबड शांत करायची राहिली. म्हणून तो निर्वात भांड्यात बंद करून उणे 100 अंशांच्या आसपास ठेवतात, बऱ्याचदा द्रव नायट्रोजननं. तुमच्या गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत असतात, झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो, तेच ते, उणे 196 अंश.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे इलेक्ट्रॉन किती घट्ट धरलेला आहे यावर सगळा खेळ. इन्फ्रारेडचा फोटॉन अशक्त, त्याच्या धक्क्यानं सुटेल इतका सैल इलेक्ट्रॉन ठेवला की तो जराशा उष्णतेनंही सुटतो, म्हणून वेब या अवकाशातल्या इन्फ्रारेड दुर्बिणीतलं एक उपकरण उणे 266 अंशांपर्यंत थंड करावं लागतं. एक्स-रेचा फोटॉन मात्र दांडगा, तिथं घट्ट धरणारा पदार्थ चालतो. आपल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहावर, जो 28 सप्टेंबर 2015 ला अवकाशात गेला, कॅडमियम झिंक टेल्युराइडचा डिटेक्टर आहे, त्याला द्रव नायट्रोजन लागतच नाही.

आता तू एक कर. ताऱ्यांचा फोटो काढला की लगेच, फोन तेवढाच गरम असताना, लेन्सवर काळी चिकटपट्टी लावून तसाच 30 सेकंदांचा आणखी एक काढ, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेकंदं आपण ठरवतो तो), रॉ फाइल, म्हणजे फोननं साफसफाई न केलेला कच्चा फोटो, ठेवून. त्यात नुसते गळक्या घरांचे ठिपके येतील, कम्प्युटरवर पहिल्यातून दुसरा वजा कर. खगोलशास्त्रज्ञही हेच करतात, डार्क फ्रेम म्हणतात. फोन आधी माठाजवळच्या गारव्यात ठेवून बघ, फ्रिजमध्ये नको, आत पाणी सुटेल. दोन्ही फोटो पाठव, तेव्हाचं तापमान लिहून.