वॉर्डात गेलं की हात थरथरतात

प्रश्न: ताई, मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. डेमोला पुतळ्यावर सगळं जमतं पण वॉर्डात पेशंटचं बीपी घ्यायला गेले की हात थरथरतात, परवा तर स्टेथोस्कोपमधून ठोक्यांचा आवाजच ऐकू आला नाही आणि सिस्टर सगळ्यांसमोर ओरडल्या. मला हे जमणारच नाही असं वाटतंय. काय करू?

उत्तर: अगं, पुतळा कण्हत नाही, त्याचे नातेवाईक शेजारी उभे राहून बघत नाहीत, त्यामुळे घाबरणं साहजिक आहे, मी पहिल्या इंजेक्शननंतर बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आवाज आला नाही तर अंदाजे आकडा मात्र कध्धीच लिहू नकोस, "सिस्टर, नीट ऐकू आलं नाही, परत बघते" असं सरळ सांग, ओरडा खाल्लेला परवडतो. आणि आधी मनगटाची नाडी धर, कफ (दंडावरचा पट्टा) फुगवताना ती ज्या आकड्याला लागेनाशी होते त्याच्यापेक्षा ३० ने जास्त फुगव, मग हवा सेकंदाला २-३ आकडे उतरतील अशी हळूहळू सोड, घाईत सोडली की पहिला ठोका निसटतो, तुझं बहुतेक तिथेच चुकतंय. होस्टेलवर मैत्रिणींचं बीपी रोज घे. पेशंटशी आधी दोन शब्द बोल, "आजी, रात्री झोप लागली का?", त्याने तुझाच श्वास जागेवर येतो, फक्त मापताना दोघींनी गप्प, बोललं की आकडा वाढतो. झोपच लागेना, जेवण जाईना असं झालं तर ट्यूटरना एकटीत गाठून बोल, आणि आईला आजच फोन कर.