'उत्क्रांती'त 'हळूहळू' कुठे आहे?

भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं आहे. तिच्या हातातल्या पुस्तकात 'ग्रॅज्युअलिझम' (बदल हळूहळू, पावलापावलाने होतो किंवा करावा हे मत) हा शब्द दोन ठिकाणी आला, एकदा इंग्लंडमधल्या फेबियन समाजवाद्यांबद्दल आणि एकदा डार्विनबद्दल. तिने दोन्हीकडे 'उत्क्रांतिवाद' लिहिलं. संपादकांनी दोन्हीकडे लाल खूण केली. तिचं म्हणणं असं की क्रांती म्हणजे झटक्यात होणारा बदल आणि उत्क्रांती म्हणजे हळूहळू होणारा बदल, हे आपण शाळेपासून ऐकतो, मग चुकलं कुठे?

लाल खूण बरोबर आहे असं मला वाटतं. 'उत्क्रांती' या शब्दात 'हळूहळू' कुठेच नाही. तो अर्थ आपण 'क्रांती'च्या शेजारी बसवून त्याला चिकटवला.

मूळ धातू 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणे. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा तो त्रिविक्रम. आक्रमण, अतिक्रमण, पराक्रम, उपक्रम, संक्रांत ही सगळी याच घरातली मंडळी. 'उत्' म्हणजे वर किंवा बाहेर. संस्कृतात 'उत्क्रांती'चा ठळक अर्थ आहे प्राणाने देह सोडून जाणे. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला 'उत्क्रामन्तम्' हा देहातून निघणारा जीव आहे. प्राण सुखाने जावा म्हणून मरणसमयी दान द्यायच्या गाईला 'उत्क्रांतिधेनू' म्हणतात. म्हणजे जुन्या वापरात हा शब्द संथ वाटचालीचा नाही, उंबरठा ओलांडण्याच्या क्षणाचा आहे.

गंमत अशी की युरोपातही हेच झालं आहे. 'रेव्होल्यूशन' आणि 'इव्होल्यूशन' या दोघांचं लॅटिन मूळ एकच, गुंडाळणे-फिरवणे या अर्थाचं. पहिला शब्द आधी आकाशाचा होता. १५४३ साली छापलेल्या कोपर्निकसच्या ग्रंथाच्या नावात तो खगोलांच्या भ्रमणासाठीच आहे. आपली 'क्रांती'ही पंचांगात आधीपासून आहे, सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या नावात, क्रांतिवृत्तात. दोन्ही भाषांत शब्दांच्या या जोडीत मुळात वेग नाही. 'ग्रॅज्युअल'चं मूळ मात्र लॅटिन 'ग्रादुस', म्हणजे पायरी, पाऊल. आणि 'क्रम' म्हणजेही पाऊल! इतका चपखल जोड क्वचित मिळतो. म्हणून माझं उत्तर 'क्रमवाद'. वाक्यात जड वाटला तर 'क्रमाक्रमाने बदल होतो हे मत' असं सरळ लिहावं.

हा भेद का जपायचा, ते जीवशास्त्रात लगेच कळतं. सजीव बदलत आले, एका जातीतून दुसऱ्या जाती निघाल्या, ही झाली उत्क्रांती. हा बदल बारीक बारीक पावलांनीच झाला, निसर्ग उडी मारत नाही, हा झाला क्रमवाद. डार्विनने दोन्ही एकत्र मांडले, पण ते वेगळे आहेत हे त्याच्या मित्रांनाही दिसत होतं. १८५९च्या नोव्हेंबरात त्याचा ग्रंथ वाचून जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने त्याला कळवलं की 'निसर्ग उडी मारत नाही' हे इतकं ठामपणे धरून तुम्ही विनाकारण एक अडचण ओढवून घेतली आहे. पुढे १९७२ साली एल्ड्रेज आणि गुल्ड या पुराजीवशास्त्रज्ञांनी जीवाश्मांवरून सांगितलं की पुष्कळ जाती दीर्घकाळ जवळपास स्थिर राहतात आणि बदल होतो तो भूशास्त्राच्या मानाने थोडक्या काळात. हा 'थोडका' काळसुद्धा हजारो वर्षांचा असतो, हे विसरू नये. त्यांनी वाद घातला तो क्रमवादाशी, उत्क्रांतीशी नव्हे. आता दोन्हींना एकच शब्द वापरला, तर मैत्रिणीच्या पुस्तकात 'गुल्ड यांनी उत्क्रांतिवाद नाकारला' असं वाक्य छापलं जाईल. ते धडधडीत खोटं आहे आणि ते उचलून नाचवणारे लोक तयारच असतात. एका शब्दाच्या आळसाने एवढं नुकसान होऊ नये.

'उत्'मधल्या 'वर'चाही त्रास आहेच. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ साली दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, जाड चोचीचे फिंच पक्षी जास्त तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. पुढे १९८३च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया उदंड झाल्या आणि निवडीचा कल लहान चोचीकडे फिरला. ही उत्क्रांतीच, पण ती संथही नाही आणि 'वर'ही जात नाही. पट्टकृमीने तर पचनमार्गच गमावला, तीही उत्क्रांतीच. मराठी विश्वकोशात 'इव्होल्यूशन'साठी 'क्रमविकास' आहे. शब्द सुरेख आहे, पण त्यात 'क्रम' आधीच येऊन बसल्यामुळे नेमका हाच वाद मांडताना तो अडचणीचा ठरतो.

आता राजकारण. फेबियन सोसायटी १८८४ साली लंडनमध्ये निघाली. नाव घेतलं रोमन सेनानी फेबियसचं. इ.स.पू. २१७मध्ये रोमन फौजेची धूळधाण झाल्यावर त्याने कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी समोरासमोर लढाई टाळून त्याला थकवत नेलं. लोकांनी त्याला 'चालढकल करणारा' म्हणून हिणवलं, पुढे तेच बिरुद झालं. फेबियनांनाही समाजवाद क्रांतीने नव्हे, असाच धीराने, हळूहळू आणायचा होता, म्हणून या मंडळींसाठीही 'क्रमवाद' चालेल. मोह होतो तो आपल्याकडचे 'मवाळ' किंवा 'सनदशीर' वापरण्याचा. तो टाळावा. 'मवाळ' स्वभाव सांगतो, 'सनदशीर' मार्ग सांगतो. वेग दोन्ही सांगत नाहीत. टिळक राजकारणात जहाल, पण १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला, कारण समाजसुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने लादू नये, ती समाजातून यावी, असं त्यांचं मत होतं. राजकारणात अर्जविनंत्यांवर भिस्त ठेवणारे रानडे मात्र त्या कायद्याच्या बाजूने होते. मग क्रमवादी कोणाला म्हणायचं? तसंच मताधिकाराचं. ब्रिटनमध्ये १८३२ पासून कायद्यामागून कायदे करत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडलं. आपण एकाच संविधानाने प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं. मार्ग पूर्ण सनदशीर, आणि पाऊल त्रिविक्रमाचं.

रोजच्या बोलण्यातले शब्द मला 'वादां'पेक्षा जास्त प्रिय आहेत, कारण त्यांत हे बारकावे आधीच आहेत. 'टप्प्याटप्प्याने' म्हटलं की कोणीतरी टप्पे आखलेले असतात. १९१७च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू यांनी भारतासाठी स्वशासनाच्या संस्थांचा क्रमशः विकास जाहीर केला, तेव्हा टप्पे कधी आणि किती हे ठरवण्याचा हक्क ब्रिटिशांनी स्वतःकडे ठेवला होता. तिथे 'टप्प्याटप्प्याने' अगदी बरोबर बसतो. निसर्गात टप्पे आखणारा कोणी नाही, म्हणून डार्विनच्या परिच्छेदात हा शब्द मी वापरणार नाही. 'हळूहळू' नुसता वेग सांगतो. आणि संक्रांतीनंतर दिवस जसा वाढतो, तो 'तिळातिळाने'. आज आणि उद्यात फरक दिसत नाही, शिमग्यापर्यंत मात्र संध्याकाळ चांगली लांबलेली असते.

तेव्हा मैत्रिणीला सुचवणं एवढंच. फेबियनांच्या पानावर 'क्रमवाद' लिहावं आणि खाली 'कायदे करून, टप्प्याटप्प्याने' असं फोडून सांगावं. डार्विनच्या पानावर 'उत्क्रांतीतील क्रमवाद' लिहावं, आणि प्रकरण सोप्या भाषेतलं असेल तर 'जाती तिळातिळाने बदलतात असं डार्विन मानत होता' असं बेलाशक लिहावं.