'मध्यम भाग', 'दुसरा भाग' की 'मधलं पर्व'?

प्रश्न असा आला आहे : तीन भागांच्या अद्भुतरम्य महाकादंबरीतल्या दुसऱ्या पुस्तकाला 'मध्यम भाग' म्हणावं का?

'मध्यम' नको. संस्कृतात त्याचा अर्थ 'मधला' असला, तरी मराठी कानाला आज त्यातून आकार किंवा प्रत ऐकू येते : मध्यम उंची, मध्यम दर्जा. वाचकाला वाटेल, पुस्तक बेताचंच आहे.

'दुसरा' चालेल, पण तो नुसता मोजतो. दुसऱ्यापुढे तिसरा असेलच असं नाही. 'मधला' म्हटलं की दोन्ही बाजू आल्याच; मधलं बोट, मधला भाऊ आठवा. म्हणून एकूण किती भाग होणार हे ठरलेलं नसेल, तर 'दुसरा' लिहावं. तीनच आहेत हे नक्की असेल, तर 'मधला'.

खरी गंमत पुढच्या नामात आहे. 'खंड' म्हणजे तुकडा, म्हणजे आधी काहीतरी अखंड हवं. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला तो चपखल बसतो. त्याने ती एकच कादंबरी म्हणून लिहिली होती. महायुद्धानंतर कागद महाग होता, म्हणून प्रकाशकाने ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढली. मधला 'द टू टॉवर्स' नोव्हेंबर १९५४ चा. त्याला स्वतःची सुरुवात नाही आणि शेवटही नाही. कथानायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि पुस्तक तिथेच थांबतं. अशा पुस्तकांना सर्रास 'त्रयी' म्हणतात, मीही म्हणतो. पण 'त्रयी' हा मूळ शब्द ऋक्, यजुस्, साम या तीन वेदांचा, आणि तिथे प्रत्येक वेद स्वतंत्र आहे. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या नाटकांसाठी रुळलेला 'त्रिनाट्यधारा' हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यातली 'धारा' तुटत नाही.

माझी स्वतःची पसंती 'पर्व'ला. महाभारतामुळे महाकाव्याचा वास त्याला आहेच, शिवाय संस्कृतात पर्व म्हणजे पेर, सांधा. उसाचं पेर दोन कांड्यांना जोडून धरतं, आणि मधल्या पुस्तकाचं कामही तेच. टीव्ही मालिकांच्या सीझनलाही हल्ली 'पर्व' म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. लेखात खुशाल 'मधलं पर्व' लिहा. ग्रंथालयाच्या यादीत मात्र 'खंड २' असंच असू द्या.