एक किलो वजनाच्या पहिल्या आरसी (रेडिओ-नियंत्रित) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमानासाठी सर्वो, मोटर, ईएससी आणि बॅटरी कशी निवडावी?

सुरुवात सर्वोपासून, म्हणजे विमानाचे हलते पृष्ठभाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरपासून नव्हे, तर उड्डाणाच्या एकूण वजनापासून करावी. ट्रेनरला किलोमागे साधारण 180 वॅट पुरतात; तीन सेलच्या, म्हणजे 11.1 व्होल्टच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर त्यासाठी लागणारा प्रवाह सुमारे 16 ॲम्पिअर होतो. मोठा पंखा (प्रोपेलर) लावताच तो झपाट्याने वाढत असल्याने ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक) 30 ॲम्पिअरचा घ्यावा आणि पहिल्या उड्डाणाआधी पूर्ण थ्रॉटलवर वॉटमीटरने प्रत्यक्ष प्रवाह मोजावा. बॅटरी 2200 एमएएच, 25 सी (म्हणजे क्षमतेच्या 25 पट प्रवाह देऊ शकणारी) पुरेशी आहे.

सर्वो नऊ ग्रॅमचे चालतील, मात्र एलिव्हेटरसाठी (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील फळीसाठी) धातूच्या गिअरचा घ्यावा, कारण उतरताना शेपटी आपटली की प्लास्टिकचे दात आधी तुटतात. रिमोटची स्टिक मध्यभागी असतानाही सर्वो गुणगुणत राहिला, तर दोष बहुधा त्याचा नसून अडकणाऱ्या पुशरॉडचा (सर्वोला त्या फळीशी जोडणाऱ्या काडीचा) असतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते बीईसीकडे, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज उतरवून सर्वोंना आणि रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाकडे. ईएससीमधील लिनिअर बीईसी पूर्ण चार्ज बॅटरीचे 12.6 व्होल्ट 5 पर्यंत उतरवताना उरलेले 7.6 व्होल्ट उष्णतेत घालवतो, त्यामुळे चार सर्वोंनी मिळून एक ॲम्पिअर ओढला तरी साडेसात वॅटहून अधिक उष्णता त्या इवल्याशा पट्टीवर साठते. ती अतितापून बंद पडली की रिसीव्हरही बंद पडतो आणि विमान हाताबाहेर जाते. म्हणून 3 ॲम्पिअरचा, कमी उष्णता करणारा स्विचिंग बीईसी असलेलाच ईएससी घ्यावा, थोडा महाग पडला तरी.