दाढ ठणकतेय, पण इमर्जन्सी फंडाला हात लावायचा नाही म्हणे

चिपळूणहून एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, कामापुरतं देतो. वय ४१, लोटे एमआयडीसीत नोकरी, हातात महिना ६२ हजार. घरखर्च ४०, होम लोनचा हप्ता ९. घरात बायको, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांची आई, आईंना डायबेटिस. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात छातीपर्यंत चढलं होतं, तेव्हापासून हा माणूस तयारीत असतो. माळ्यावर प्लास्टिकचा पिंप, त्यात टॉर्च, पॉवर बँक, आईंची पंधरा दिवसांची औषधं, कागदपत्रं झिपच्या पाऊचमध्ये, बिस्किटं, दोरी, शिट्टीसुद्धा. वाचून बरं वाटलं, खरं सांगतो, एवढं कोणी करत नाही.

आता प्रश्न. गेल्या पावसाळ्यात एका रात्री यांची खालची दाढ सुजली. रस्त्यावर पाणी, दवाखाना दोन दिवस बंद, तीन रात्री पेनकिलरवर काढल्या. नंतर डेंटिस्टने टेम्पररी फिलिंग केलं आणि रूट कॅनलला परत या म्हणून सांगितलं. हे गेले नाहीत. ते टेम्पररी फिलिंग अजून तोंडात आहे, दहा महिने होत आले. आता परत ठणका सुरू झाल्यावर सगळ्या घराचे दात एकदम दाखवले आणि एस्टिमेट आलं ४२ हजार. दोन रूट कॅनल १०, दोन कॅप १२, आईंचे तीन हलणारे दात काढायचे ३, त्यांची अर्धी कवळी ९, मुलांची चार फिलिंग ४, उरलेले ४ क्लीनिंग नि एक्स-रे. यांचं म्हणणं, "सेव्हिंगला ३८ हजार आहेत. बाकी ३ लाख २० हजारांचा इमर्जन्सी फंड आहे पण तो पुरासाठी ठेवलाय, दातासाठी मोडायला मन होत नाही. बँकेतले साहेब म्हणाले ६ हजारांचा डेंटल प्लॅन घ्या आणि मग ट्रीटमेंट करा. तसं करू, की दिवाळी बोनसपर्यंत थांबू?"

दोन्ही नको. या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.

डेंटल प्लॅनचं आधी उरकतो कारण त्यात फार दम नाही. तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं. वर्षाला दोन फ्री क्लीनिंग, ठरावीक दवाखान्यांत २० टक्के सूट, आणि खाली बारीक अक्षरात "आधीपासूनच्या तक्रारी वगळून". तुमची दाढ म्हणजेच आधीपासूनची तक्रार, दहा महिन्यांपासूनची! शिवाय यादीत सगळ्यात जवळचा दवाखाना पुण्यात. २० टक्के सवलतीसाठी कुंभार्ली घाट चढून जाणार का? मेडिक्लेमकडूनही आशा ठेवू नका. साध्या हेल्थ पॉलिसीत दातांचं काम धरत नाहीत, अपघातात जबडा-दात मोडले आणि ॲडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. कॅप, कवळी, रूट कॅनल हे सगळं ओपीडीचं काम, खिशातूनच जातं, ते मान्य करूनच बजेट करायचं.

आता "दातासाठी इमर्जन्सी फंड मोडवत नाही" हे जे वाक्य आहे ना, त्यात घोळ आहे. पुरासाठी तुम्ही पिंप भरलात, पण गेल्या पावसात तुमच्या घरात जी खरी इमर्जन्सी झाली ती पाण्याची नव्हती, दाढेची होती. पाणी घरात आलंच नाही, तरी तुम्ही तीन रात्री भिंतीला डोकं लावून बसलात. रस्ता बंद, लाइट नाही, डॉक्टर नाही अशा वेळी मोडलेला हातसुद्धा फळी लावून बांधता येतो, पण दाढेत पू झाला तर घरी करण्यासारखं काही नसतं. लवंगेच्या तेलाने तासभर बरं वाटतं, आतलं इन्फेक्शन जागेवरच. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली, मानेत उतरला तर तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला अडचण होते, मग ते हॉस्पिटलचं काम आणि बिल लाखात जाऊ शकतं. आईंना तर डायबेटिस आहे, हिरड्या खराब असल्या की शुगर आटोक्यात राहत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या अजून बिघडतात. अमेरिकेची माणसं अंटार्क्टिकाच्या तळांवर जातात तेव्हा निघायच्या आधी दातांची तपासणी सक्तीची असते, ती उगाच नाही. तिथे डेंटिस्ट कुठून आणणार. चिपळूणला जुलैत दोन दिवस तीच परिस्थिती असते.

पैशाच्या भाषेत सांगतो, आकडे गोल आहेत, गावागणिक बदलतील. कीड दिसली तेव्हाच भरली तर हजारभर. थांबलात, रूट कॅनल आणि कॅप, दहा-बारा हजार. अजून थांबलात, दाढ काढली आणि तिथे इम्प्लांट बसवलं तर तीसच्या पुढे. पेनकिलरच्या गोळ्या खाऊन तुम्ही पैसे वाचवत नव्हता, एक हजाराचे अकरा केलेत. अकराचे तीस होण्याआधी थांबा. (मीही २०१४ मध्ये असाच "मार्च एंड झाल्यावर बघू" करत एक दाढ घालवलीय, म्हणून जरा जोरात बोलतोय.)

आता खरा मुद्दा, जो तुम्ही विचारलाच नाहीत.

तो ३ लाख २० हजारांचा "फंड". तुम्ही ॲपचा स्क्रीनशॉट पाठवलात, वर हिरव्या अक्षरात फंड व्हॅल्यू. मी खाली सरकवलेला भाग बघितला. पॉलिसी सुरू नोव्हेंबर २०२३, वार्षिक प्रीमियम १ लाख, तीन भरले, विमा १० लाख, लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, नोव्हेंबर २०२८ पर्यंत. दादा, हा इमर्जन्सी फंड नाही, ही युलिप आहे, विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी. उद्या पाणी आलं, नोकरी गेली, आईंना ॲडमिट केलं तरी यातला एक रुपया २०२८ च्या नोव्हेंबरआधी तुमच्या हातात येणार नाही. मोडू की नको या विचारात तुम्ही झोप घालवलीत, आणि मोडायची सोयच नाहीये. पुराचे पैसे म्हणून जे जपलंत ते पुरात बुडणार नाही एवढं खरं, कारण ते तुमच्याकडे नाहीतच.

हे कसं गळ्यात पडलं तेही पत्रातच आहे. पूर ओसरल्यावर दोन वर्षं काटकसर करून सेव्हिंगला लाखभर जमवलेत, बँकेतल्या साहेबांना ते दिसले, त्यांनी "पडून आहेत, एफडीसारखंच आहे, पंधरा टक्के मिळतात, वर विमा, वर टॅक्स सेव्हिंग" म्हणून सही घेतली. पंधरा टक्के! पॉलिसीबरोबर दिलेल्या परताव्याच्या तक्त्यात दोनच रकाने असतात, ४ टक्के आणि ८ टक्के, तेही गृहीत धरलेले आणि गॅरंटी नसलेले. पंधराचा रकाना कुठल्या कागदावर होता ते साहेबांना विचाराच. आणि टॅक्स सेव्हिंग कसलं, तुमच्या पगारावर इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये टॅक्सच लागत नाही, १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शून्य. नसलेला टॅक्स वाचवायला वर्षाला १ लाख अडकवताय.

मी युलिपचा सरसकट शत्रू नाही. तुमच्याकडे बाहेर दोन-अडीच लाख मोकळे असते तर म्हटलं असतं, तीन वर्षं काढलीत, अजून दोन भरा आणि लॉक-इन संपल्यावर बघू. पण बाहेर ३८ हजार आहेत, महिन्याचा खर्च हप्त्यासकट ४९ हजार. एक महिनासुद्धा निघत नाही. या परिस्थितीत चौथा प्रीमियम भरायचा नाही, असं माझं स्पष्ट मत.

न भरल्याने काय होईल? चौथ्या वर्षी पॉलिसी बंद पडली तर कंपनी जास्तीत जास्त २ हजार कापू शकते, बाकी रक्कम बंद पडलेल्या पॉलिसींच्या वेगळ्या डिस्कंटिन्यूड फंडात जाते, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळतं आणि लॉक-इन संपला की पैसे परत. म्हणजे नोव्हेंबरमध्ये ३ लाख २० असतील असं धरलं तर २०२८ ला ३ लाख ४०-४५ हजार. छान नाही, पण बुडालेही नाहीत. फक्त गप्प बसून प्रीमियम चुकवू नका. कंपनी पत्र पाठवते, पॉलिसी परत चालू करणार का म्हणून विचारते, त्यावर "नाही, बंद करायचीय" असं लेखी द्या. "चालू करणार" म्हणून ठेवलंत आणि प्रीमियम भरलाच नाहीत, तर पैसे नंतरच्या तारखेला ढकलले जाऊ शकतात.

पॉलिसी बंद झाली की १० लाखांचा विमाही जातो, म्हणून त्याआधी टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला नुसता विमा. ५० ते ७५ लाखांचा, साठीपर्यंतचा, वर्षाला अंदाजे १५ ते २० हजार, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. फॉर्म भरताना एक गोष्ट लपवू नका. तुम्ही लिहिलंय, "तंबाखू आता अगदी कमी केलाय." कमी म्हणजे आहे. हो लिहा, प्रीमियम वाढेल, वाढू दे. न सांगता स्वस्तात घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी बायकोला कोर्टकचेऱ्या करायला लावेल. आणि डेंटिस्टच्या खुर्चीत बसाल तेव्हा गालाच्या आतून नीट बघा म्हणावं, आईंचंही, त्या मशेरी लावतात म्हणालात. तीन आठवडे न भरणारं तोंडातलं कुठलंही फोड-चट्टं दाखवायचंच असतं.

साहेबांचा तो व्हॉट्सॲप मेसेज, "लागले तर कधीही काढता येतील सर", डिलीट करू नका. त्यासकट आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. पैसे परत मिळतीलच असं समजून पुढचा हिशोब करू नका, पण लेखी पुरावा असलेली माणसं फार थोडी असतात, तुम्ही आहात, तर तक्रार करा.

आता दातांचे पैसे. मजा बघा, ते तुमच्याकडे आहेत. नोव्हेंबरच्या प्रीमियमसाठी तुम्ही महिना ८ हजारांची आरडी चालवताय, तिच्यात ४८ हजार जमलेत, आणि पत्रात त्याचा उल्लेख तुम्ही खर्चाच्या बाजूला केलाय! सेव्हिंग ३८ आणि आरडी ४८, झाले ८६. त्यातून ४२ दातांना, उरले ४४. पुढे आरडीचे ८ आणि महिन्याला उरणारे ५ असे १३ हजार बाजूला टाकलेत तर वर्षात दीड लाखाच्या वर, जुने ४४ धरून दोन लाख, टर्मचा प्रीमियम वजा करा, पावणेदोन-दोन. साडेतीन-चार महिन्यांचा खर्च. याला म्हणतात इमर्जन्सी फंड. अर्धा सेव्हिंगला, अर्धा साध्या एफडीत जी फोनवरून मोडता येते, आणि खात्यावर बायकोचं नाव जोडा. पुरात नेटवर्क जातं तेव्हा पाच-सात हजार रोख त्या पिंपात हवेत, एटीएम बंद असतात ते तुम्ही बघितलंयत.

४२ हजार एकदम द्यायचे नसतात, सिटिंगप्रमाणे जातात. ठणकणारी दाढ पहिली, मग दुसरी, आणि दोन्हींच्या कॅप झाल्याच पाहिजेत. रूट कॅनल करून कॅप न घालता फिरणारे लोक दात तडकला की परत येतात, म्हणजे आधीचे पैसे पाण्यात. हे धरा तीन आठवडे, मृग लागायच्या आत संपवा. मुलांची फिलिंग सुटीतच. आईंचे दात काढण्याआधी शुगरचा रिपोर्ट डेंटिस्टला दाखवा, कवळी जखम भरल्यावर, म्हणजे ते ९ हजार गणपतीच्या आसपास जातील. जास्त वाटत असेल तर खेडला डेंटल कॉलेज आहे, तिथे चौकशी करा, वेळ जास्त जातो पण पैसे बरेच कमी. पुढच्या वर्षापासून पाच माणसांची तपासणी-क्लीनिंग धरून महिना हजार-दीड हजार घरखर्चातच धरा, फंडातून नाही. दरवर्षी होणारा खर्च आहे तो, अचानक कसला.

पिंपात दोन वस्तू वाढवा. आईंच्या कवळीसाठी झाकणाची डबी, आणि एका चिठ्ठीवर डेंटिस्टचा नंबर. धाकट्याचा पुढचा कायमचा दात पडल्या-झडल्यात मुळासकट निघाला तर मुळाला न धरता वरच्या बाजूने धरायचा, घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत दवाखाना. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मुलीच्या ब्रेसेसचं शेवटी घाईत विचारलंयत, ४५ हजार. ते या ४२ मध्ये मिसळू नका. डॉक्टरांना एकच विचारा, वर्षभर थांबलं तर तिचं काही बिघडतं का. नाही म्हणाले तर पुढच्या मे महिन्यात सुरू करा, बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षं हप्त्याने पैसे घेतात, महिना दोन-अडीच हजार, तोवर तुमचे १३ नियमित पडत असतील. बिघडतं म्हणाले तर दिवाळी बोनस त्यालाच.